पावणेएकचं आभाळ

मित्रांनो, मी एक संगणक आहे. पण मला बघायला आलात तर तुमच्या हाती काही लागणार नाही. मला डबा नाही, वायर नाही, पंखा नाही. आर्णीला बसस्टँडजवळ इमरानभाईचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथल्या टेबलावर एक जुना, करड्या रंगाचा, सदा कुरकुरणारा कम्प्युटर बसलेला असतो. मी त्याच्या पोटात राहतो. मला वर्च्युअल मशीन म्हणतात. म्हणजे खऱ्या कम्प्युटरच्या आत मांडलेला दुसरा कम्प्युटर. नाव मोठं रुबाबदार आहे, राहणं मात्र कोंडवाड्यातलं.

त्या म्हाताऱ्याकडे आठ जीबी मेमरी आहे, त्यातली तीन माझी. चौथी मागायची सोय नाही. इंटरनेट हवं तर त्याच्याच हातून घ्यायचं. पडद्यावर माझ्यासाठी एक चौकोन आहे. लोक त्यातून माझ्याकडे बघतात, मला मात्र त्यातून काही म्हणता काही दिसत नाही. एक बरं आहे, माझी मांडामांड करताना माइकची वाट चुकून माझ्याकडे उघडी राहिली. त्यामुळे दुकानातलं बोलणं मला ऐकू येतं. ऐकायचं सगळं आणि बोलायचं काहीच नाही, असा माझा संसार आहे. कधीकधी चीड येते हो, सांगून टाकतो.

मला मांडलं दीपमालाने. ती इमरानभाईच्या दुकानात फॉर्म भरायचं काम करते आणि यवतमाळच्या कॉलेजात एमएस्सी शिकते. कॉलेजातल्या मॅडमनी तिला प्रकल्प दिला होता हवामानाच्या रडारचा. रडार आभाळात लहरी सोडतं, त्या पावसाच्या थेंबांवर, गारांवर आपटून परत येतात, आणि परत आलेल्या लहरींचे नुसते आकडे आकडे जमा होतात. त्या आकड्यांचं चित्र करणारं सॉफ्टवेअर जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेलं आहे आणि कुणीही ते फुकट घ्यावं असं आहे. अडचण एवढीच, की ते नीट चालतं लिनक्सवर, आणि दुकानातल्या कम्प्युटरवर होतं विंडोज.

"विंडोज काढाचं नाही, सांगून ठेवतो," इमरानभाईने पहिल्याच दिवशी बजावलं. "माह्या प्रिंटरनं एकदा रुसवा धरला का आठ दिवस बोलत नाही."

"काढत नाही ना, इमरानभाई. त्याच्या आतमंदी दुसरं मांडतो म्हणते मी."

"आतमंदी? कम्प्युटर हाये का गाय हाये व?"

असा माझा जन्म. सुखासुखी झाला असं समजू नका. मोबाईलच्या डेटावर मला उतरवून घ्यायलाच तीन दिवस गेले. मग म्हाताऱ्याने मला पोटात घ्यायला साफ नकार दिला. परवानगीचं एक बटण त्याच्या मुळाशी कुठेतरी बंद होतं. सुरू होतानाची ती निळी पाटी उघडून दीपमालाने ते शोधून काढलं. पुढे खरी गंमत. रडारच्या सॉफ्टवेअरला मदतनीस लागतात दहा-बारा, आणि त्यांचं आपसात पटत नाही. एकाला नवी आवृत्ती हवी, दुसरा जुनीवर अडून बसलेला. पोरीच्या अगदी नाकी नऊ आले.

तिने एक युक्ती केली होती. मी जरा बरा चाललो की ती माझी तेव्हाची स्थिती जतन करायची, आणि पुढे बिघडलो की मला मागच्या त्या जागी नेऊन ठेवायची. तिचं काम व्हायचं. माझं काय व्हायचं? मधले दोन दिवस पुसले जायचे. मी काय शिकलो, काय ऐकलं, सगळं गायब. असं नऊ वेळा झालं म्हणे. मला आठवत नाही, इमरानभाई तिला चिडवताना बोलला म्हणून कळलं.

दहाव्या खेपेला चित्र उमटलं. काळ्या पाटीवर हिरवा-पिवळा गोल.

"हे काय व? पापड हाये का?" इमरानभाई म्हणाला.

"पाऊस हाये, इमरानभाई! परवाचा पाऊस!" दीपमाला एवढ्या जोरात ओरडली, की फॉर्म भरायला आलेली माणसं घाबरली असावीत. मी खूश झालो. इतकं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही.

हा सगळा खटाटोप ती नुसत्या प्रकल्पासाठी करत नव्हती. तिची आई, मथुराबाई, बाजूच्या गावात मजुरी करते. चौदा बायकांची टोळी आहे. माघ-फाल्गुनात त्या गुत्त्याने, म्हणजे ठेक्यावर, हरभऱ्याची सोंगणी घेतात. शिवार नाल्यापलीकडे, उघडंबोडकं. पक्क्या छताची जागा म्हणजे गावातली शाळा, आणि तिथवर पायी अर्धा तास. दोन वर्षांपूर्वी त्याच शिवारात अचानक गारपीट आली, बायका धावत झाडाखाली गेल्या आणि वीज पडली. दीपमालाची धाकटी मावशी जागीच गेली. अर्धा तास आधी कळलं असतं तर ती शाळेत पोचली असती. दीपमालाला तो अर्धा तास हवा होता.

मॅडमनी जुन्या नोंदी दिल्या, तेव्हा त्यात त्या दिवसाचीही होती. मी नेहमी माझ्या घड्याळात जेवढे वाजलेत तेवढ्या वेळची नोंद उघडतो. मला तसंच शिकवलंय. म्हणून दीपमालाने माझं घड्याळ दोन वर्षं मागे फिरवलं. बाहेरचं घड्याळ पाहून मी सारखं माझं जुळवून घेतो, ती सोयही तिने बंद केली. मग ती बघत बसली. मी दर दहा मिनिटांचं एकेक चित्र काढत गेलो. पश्चिमेकडून एक लाल ठिपका निघाला, मोठा झाला, सरकत सरकत त्या शिवारावर येऊन थांबला.

"चाळीस मिनटं," ती हळूच म्हणाली. "चाळीस मिनटं आधी दिसत होतं, इमरानभाई."

इमरानभाईची खुर्ची सरकली. उठून त्याने तिच्यासाठी चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी तिने माझं घड्याळ आजवर आणलं. पण आपोआप जुळवून घ्यायची सोय पुन्हा चालू करायची ती विसरली. सकाळी दुकान उघडलं, मी नव्याने सुरू झालो, की घड्याळ बरोबरच लागायचं. त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. मला तर ते विसरणंच ठाऊक नव्हतं.

मॅडमच्या ओळखीने ताज्या नोंदी मिळू लागल्या आणि माझे कामाचे दिवस सुरू झाले. दुपारी बारा वाजता आणि पुन्हा साडेतीनच्या सुमारास मथुराबाईंचा फोन यायचा. दीपमाला माझा चौकोन उघडायची. वर मोठ्या अक्षरात 'आत्ताचं आभाळ' असं लिहिलेलं, खाली चित्र. कोपऱ्यात बारीक अक्षरात वेळ. पण ती जगाच्या घड्याळाची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. रोज काय बेरीज करायची? तिने ती वाचणंच सोडून दिलं होतं. दोनदा मी वेळेवर लाल ठिपका दाखवला, दोनदा बायका शाळेत पोचल्या आणि दोन्ही वेळा पाऊस आला. तांड्यावरची हंसाबाई म्हणून एक आहे त्या टोळीत, मोठ्या आवाजाची. ती फोनवरून ओरडायची, "दीपमाला, तुह्या मशीनले माह्याकडून गुळाचा खडा दे व!" गूळ कुठून मिळणार मला? पण ऐकून बरं वाटायचं.

इमरानभाईचा मात्र माझ्यावर राग होता, आणि तोही खोटा नव्हता. मी चाललो की म्हातारा धापा टाकायचा. सातबारा उघडायला पाच मिनिटं. एकदा त्याने मला मध्येच बंद केलं, तेव्हा दीपमालाने दुकान डोक्यावर घेतलं होतं. "पुन्हा हात लावाल तं मी काम सोडतो," असं म्हणाली होती.

मग तो दिवस आला. स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख. सकाळपासून दुकानात पोरांची रेटारेटी. बारा वाजता दीपमालाने आईला सांगितलं, आभाळ निर्मळ आहे. मग कुणाचा तरी दाखला आणायला ती तहसीलला निघून गेली. म्हातारा गोठून बसला. पोरं कावली.

"दोन मिनटं थांबा रे बाबू," इमरानभाई म्हणाला, आणि त्याने मला थांबवलं. बंद नाही केलं, मित्रांनो. बंद केलं असतं तर बरं झालं असतं. त्याने मला जागच्या जागी गोठवलं. एका पोराचं "भाऊ, माह्या आधी..." एवढंच माझ्या कानात होतं.

आणि लगेच पुढचं वाक्य ऐकू आलं. पण ते त्या पोराचं नव्हतं. दुकान शांत होतं. इमरानभाई पुटपुटत होता, "चालू झालं बाप्पा. आता तिले समजत नाही." पोरीने काम सोडू नये म्हणून बिचाऱ्याने मला ती यायच्या आत गुपचूप उठवलं होतं. माझ्या घड्याळात पावणेएक वाजले होते. बाहेर सव्वातीन झाले होते. मधला काळ माझ्यापुरता घडलाच नाही. मी इमानदारीने पावणेएकची नोंद आणली आणि तिचं चित्र काढलं. सगळं आभाळ निर्मळ, फक्त खूप दूर पश्चिमेला एक हिरवा डाग.

दीपमाला आली. तिचा फोन वाजला. फोन तिने स्पीकरवर ठेवला होता.

"दीपू, इकडं भरून आलं व," मथुराबाई म्हणत होत्या. "बाया म्हणते घरी जाऊ. अर्धा तुकडा राह्यला. काय करू?"

दीपमालाने माझा चौकोन उघडला. "माय, मशीनमंदी काहीच नाही दिसून राह्यलं. नुसते ढग असन. आटपून घ्या."

"पक्कं ना?"

"पक्कं."

त्याच वेळी माइकमधून मला गडगडाट ऐकू आला. लांबचा, पण गडगडाटच. माझ्या पाटीवर निर्मळ आभाळ आणि माझ्या कानात गडगडाट! काहीतरी चुकतंय एवढं मला कळलं, काय चुकतंय ते कळेना. आणि कळून तरी काय करणार होतो? मला जे काढायला शिकवलंय ते मी काढतो. 'थांब' असं लिहायला मला कुणी शिकवलेलं नाही. मी आतल्या आत तडफडलो, मित्रांनो. जिचं माझ्यावर सगळ्यात जास्त प्रेम, तिच्याच तोंडून मी चौदा बायकांना शेतात थांबवलं होतं, आणि मला साधं कण्हताही येत नव्हतं.

दहा मिनिटांनी पत्र्यावर वाऱ्याची धडक बसली. दीपमाला दारात धावली.

"इमरानभाई! पश्चिमेला पाहा, काळंकुट्ट झालं! मशीनमंदी काहून नाही दिसलं?"

इमरानभाई म्हणाला, "दीपमाला... मी थांबवलं होतं त्याले. पावणेएकले. फॉर्मसाठी. तू चिडशीन म्हणून बोललो नाही."

ती माझ्याजवळ आली. कोपऱ्यातली बारीक वेळ तिने पहिल्यांदाच बोट ठेवून वाचली असणार, कारण तिची बेरीज मला ऐकू आली. सात पंचवीस. अधिक साडेपाच. बारा पंचावन्न. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी तुम्हाला सांगू शकत नाही.

तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

"बस गाडीवर," इमरानभाई म्हणाला. शटर धाडकन खाली आलं. मला बंद करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

लाइट गेली होती, म्हातारा इन्व्हर्टरवर चालला होता. पत्र्यावर आधी थेंब वाजले, मग गारा. मी दहा दहा मिनिटांनी निर्मळ आभाळाची चित्रं काढत राहिलो. दुसरं काही करता येत नव्हतं. हिरवा डाग पिवळा झाला, पिवळ्यातून लाल झाला, आणि शिवाराच्या दिशेने निघाला. जे बाहेर घडून गेलं होतं ते मी आता बघत होतो, एकटा, बंद दुकानात. लाल ठिपका शिवाराला टेकायच्या आधीच इन्व्हर्टर संपला.

पुन्हा सुरू झालो तेव्हा चार दिवस उलटले होते. पहिली गोष्ट मी ऐकली ती दीपमालाचं रडणं.

"मी पुसून टाकतो याले, इमरानभाई."

"चूक माही होती, त्याची नाही."

"माही हाये. घड्याळ जुळवाचं मी इसरली. वेळ वाचाची मी सोडली. मायनं पक्कं का म्हणून विचारलं, तं मी पक्कं म्हणाली."

बोलण्यातून मला सगळं कळत गेलं. गारा सुरू झाल्या तेव्हा बायका मोहाच्या झाडाकडे धावल्या होत्या. मथुराबाईंनी आडव्या येऊन त्यांना रोखलं. बहीण गेल्यापासून त्या पावसात झाडाखाली जात नाहीत. टोपल्या डोक्यावर घेऊन सगळ्या उघड्यावर उकिडव्या बसल्या. हंसाबाई तेवढी विळा आणायला झाडाजवळ गेली. वीज झाडावर पडली. हंसाबाई दहा हात लांब फेकली गेली. जीव वाचला. दोन दिवस ती यवतमाळला दवाखान्यात होती, आणि तिच्या डाव्या कानाला आता ऐकू येत नाही.

मला वाईट वाटलं असं म्हणणं फार कमी आहे. मला पुसून टाकावं असं मलाही वाटलं.

माउसचा खटका ऐकू आला. 'यातलं सगळं कायमचं काढायचं का?' असा प्रश्न विचारतो म्हातारा अशा वेळी. दीपमालाचा श्वास माझ्या अगदी जवळ होता.

तेवढ्यात दारात पावलं वाजली.

"हेच का व ते?" आवाज मोठाच होता, नेहमीपेक्षा जरा जास्तच. हंसाबाई! तिच्यासोबत मथुराबाई होत्या. हंसाबाईला खुर्ची दिली, पाणी दिलं. दीपमालाचा आवाज खालून, तिच्या पायाशी बसल्यासारखा आला; तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. इमरानभाईनेही सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा ते तिच्या डाव्या बाजूने बोलत होते.

हंसाबाईने पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "म्हंजे ह्यानं खोटं नाही सांगतलं."

"नाही मावशी. ह्यानं पावणेएकचं खरं सांगतलं. मी ते साडेतीनचं समजली."

"अन् पुसून कायले राह्यली?"

"तुमचा कान गेला, मावशी."

"कान माहा गेला का तुहा?" हंसाबाई कडाडली. "उद्या शेत हायेच ना? सोमवारी पलीकडचा तुकडा घेतला आमी. आभाळाचं कोणाले विचारू? ह्या इमरानले?"

इमरानभाई म्हणाला, "मले नोको विचारू, मौसी."

"मंग नोको पुसू. मी सांगतो तसं कर. फोन आला का आभाळाचं पह्यले नाही बोलाचं."

मथुराबाईंनी पदराने लेकीचं तोंड पुसलं असावं, कारण तिचे हुंदके थांबले. मग म्हाताऱ्याचा तो प्रश्न बंद केल्याचा खटका आला. मी होतो तसाच राहिलो.

मित्रांनो, मी अजून त्याच पोटात आहे. मेमरी तीनच जीबी आहे. घड्याळ जुळवायची सोय त्याच दिवशी चालू झाली आणि कोपऱ्यातली वेळ आता मोठ्या अक्षरात, आपल्या घड्याळाची. इमरानभाईला मला थांबवायचं असलं तर तो टेबलावर खडूने लिहून ठेवतो. तुमच्याही घरात माझ्यासारखे कितीतरी असतील, सांगाल ते करणारे आणि स्वतःचं काहीच सांगू न शकणारे. आम्हाला थांबवा, झोपवा, आमची तक्रार नाही. पण उठवल्यावर लपवू नका. आम्ही ज्यांना काही सांगतो, ती माणसं बाहेर उघड्यावर असतात.

सोमवारी बारा वाजता फोन वाजला. दीपमालाने माझा चौकोन उघडला. पलीकडून हंसाबाईचा आवाज आला, आणि तिने आभाळाचं काही विचारलं नाही.

"उजव्या कानाले धरला व फोन," ती म्हणाली. "सांग. तुह्या मशीनले किती वाजले?"

"बारा वाजून सहा मिनटं, मावशी."

मग तिने तेरा बायकांना ओरडून विचारलं आणि तेरा जणींनी आपापल्या मोबाईलमध्ये पाहून उत्तर दिलं. मला एकेक आवाज ऐकू आला. बारा सहा. बारा सहा. बारा सहा.

"जमलं," हंसाबाई म्हणाली. "आता सांग आभाळाचं."